दोन आवाजांतलं ‘बसा’

शिरूरच्या एका कॉलेजात मी संवाद कौशल्य शिकवते. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला हा विषय असतो. पाठ करायला फार काही नसतं म्हणून मुलांना तो सोपा वाटतो, आणि रांजणगावच्या कंपन्यांत मुलाखतीला उपयोगी पडतो म्हणून ती वर्गात बसतात. त्यातला माझा लाडका भाग म्हणजे आवाज. बोलताना शब्द कोणते वापरले यापेक्षा ते कुठल्या आवाजात आले हे ऐकणाऱ्याला आधी पोचतं, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले.

फळ्यावर एक साधं वाक्य लिहायचं, ‘तुम्ही आलात’, आणि ते मुलांना वेगवेगळ्या आवाजांत म्हणायला लावायचं. कुणी आनंदानं म्हणायचं, कुणी कंटाळून, कुणी संशयानं. वर्ग हसून हसून बेजार व्हायचा. मुलं घरी जाऊन आईबापांवर प्रयोग करायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायची. मॅडमचा आवाजाचा तास बघण्यासारखा असतो, असं कॉलेजात बोललं जायचं. ते माझ्या कानावर यायचं आणि मला आवडायचं. एका कारखान्यानं सुपरवायझर लोकांसमोर बोलायलाही मला दोनदा बोलावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे केलं ते नकळत केलं असं म्हणायची सोय मला नाही. या विषयातलं मला सगळं ठाऊक होतं.

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते. ज्यांची हजेरी कमी, त्यांचे फॉर्म विषयशिक्षकांच्या सहीशिवाय पुढं जात नव्हते. त्यामुळं स्टाफरूममध्ये सकाळपासून पालकांची ये-जा चालू होती. साडेनऊच्या सुमाराला एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पायात कोऱ्या चपला, हातात गाडीची किल्ली. तालुक्यात बऱ्यापैकी शेती आणि सोसायटीवर संचालक. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणजे नावानं होता. वर्षभरात मी त्याला चार-पाच वेळा पाहिलं असेल.

“या ना, आप्पा. बसा, बसा ना,” मी म्हटलं. शेजारची खुर्ची ओढून दिली, तिच्यावरच्या वह्या उचलून खिडकीत ठेवल्या. शिपायाला चहा सांगितला. आप्पा म्हणाले, “पोरगं जरा हिकडं तिकडं करतंय मॅडम. यंदाच्या साली सांभाळून घ्या.” मी हसून म्हटलं, “बघू की. करू काहीतरी.” आणि त्यांच्यासमोरच मी त्याच्या फॉर्मवर सही केली.

आप्पा चहा पीत होते तेवढ्यात दारात दुसरे एक पालक येऊन उभे राहिले. अंगात सिक्युरिटी गार्डचा निळा गणवेश, खांद्याला शिट्टीची दोरी. रात्रपाळी उतरून ते सरळ रांजणगावहून आले होते, डोळे तांबारलेले होते. त्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून, त्यांची मुलगी. ती माझ्याच वर्गातली, मांडवगण फराट्याहून एसटीनं यायची. हुशार आणि जरा अबोल. पहिला तास तिचा बहुतेक बुडायचा.

“जय भीम, मॅडम,” ते म्हणाले.

“हं, बोला,” मी म्हटलं. मान वर केली नाही. आप्पांच्या मुलाचा फॉर्म फाईलला लावत होते.

“पोरीच्या हजेरीचं हाय जरा. सकाळची गाडी—”

“बसा,” मी म्हटलं. आणि पेनानं दाराकडं खूण केली.

बसायला आत जागा नव्हती. एकच जादा खुर्ची होती, तिच्यावर आप्पा होते. बाक बाहेर व्हरांड्यात होता. ते बाकाकडं गेले नाहीत, तिथंच दारात उभे राहिले. त्यांच्या हातात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी होती, तिच्यातून त्यांनी दोन कागद काढले. एक मुलीचा एसटीचा पास, दुसरा डेपोतून आणलेला. सकाळची गाडी किती वाजता निघते आणि शिरूरला किती वाजता पोचते, ते त्यावर शिक्क्यासह लिहिलेलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी तो कागद हातातही घेतला नाही.

“ते ऑफिसात द्या. ऑफिसातून माझ्याकडं येईल,” मी म्हटलं. आणि पेनाचं टोपण टक्कन लावलं. आमच्या स्टाफरूममध्ये ते टोपण लावलं की बोलणं संपलं असं सगळ्यांना कळतं.

“बरं मॅडम,” ते म्हणाले आणि गेले. मुलगी एक क्षण थांबली. माझ्याकडं नाही, आप्पांच्या हातातल्या कपाकडं बघत होती. मग तीही गेली.

मला त्या दिवशी काहीही वाटलं नाही. कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की दोन पालक भेटून गेले, दोघांनाही बसा म्हटलं, दोघांशीही ‘तुम्ही’ म्हणून बोलले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आवाजाचा तास आला. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्यावर होते. या वेळी मी प्रयोग थोडा बदलला होता. प्रत्येकानं एकच शब्द घ्यायचा, पण स्वतःच्या कानांनी कुठंतरी दोन वेगळ्या आवाजांत ऐकलेला. तो तसाच म्हणून दाखवायचा. कोण कुणाला म्हणतंय, ते वर्गानं ओळखायचं.

एकानं कंडक्टरचं ‘सरका’ केलं, आधी गर्दीला आणि मग ओळखीच्या माणसाला. एका मुलीनं आईचं ‘आलीस?’ केलं, वेळेवर आल्यावरचं आणि उशिरा आल्यावरचं. मजा चालली होती. मग मांडवगणची मुलगी उठली. ती आपणहून कधी पुढं येत नसे, म्हणून मला बरं वाटलं. तिनं माझ्या टेबलाजवळची खुर्ची ओढली, तिच्यावरची काल्पनिक वस्तू उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “बसा, बसा ना.”

आवाज वर चढत गेलेला, ‘ना’ जरा लांबवलेला, चेहऱ्यावर हसू.

“जावई आलाय,” एक मुलगा म्हणाला. “चेअरमन,” दुसरा म्हणाला. वर्ग हसला.

मग तिनं मान खाली घातली, हातातल्या वहीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं आणि वर न बघता म्हणाली, “बसा.” पेन उचलून दाराकडं खूण केली. मग टोपण लावलं, टक्कन.

वर्गाला या वेळी पटकन ओळखता येईना. कुणी म्हणालं, बँकेतला साहेब. कुणी म्हणालं, दवाखान्यातली बाई. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “कुणाला म्हणतेय ते सांगतो. ज्याला बसवायचं न्हाई, त्याला.”

“बरोबर,” ती म्हणाली.

माझ्या हातात त्या वेळी पेन होतं, टोपण काढलेलं. गुण लिहायला घेतलं होतं. ते टोपण मी लावू शकले नाही, इतकं आठवतं. वर्गातल्या किती जणांना कळलं, मला माहीत नाही. एक-दोन मुली माझ्याकडं बघून लगेच बाकाकडं बघायला लागल्या होत्या.

मला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं, किंवा ‘छान’ म्हणून पुढं जाता आलं असतं. मी म्हटलं, “पहिलं चांगलं जमलं. दुसरं जरा अती झालं. इतकं तुटक कुणी बोलत नाही.”

“बोलतात, मॅडम,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. उद्धटपणा त्यात नव्हता, मी शोधला तरी सापडला नाही.

“बस खाली,” मी म्हटलं.

त्या दिवशी बाकीच्या मुलांना मी दहापैकी आठ-नऊ दिले. तिला सहा दिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सादरीकरण अतिरंजित.’ वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईनं हे लिहिलं. लिहिताना अक्षरही नेहमीपेक्षा नीट काढलं होतं.

त्या रविवारी मी माहेरी भांडगावला गेले होते. जेवणं झाली होती, मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर ओट्यावर आई लसूण सोलत बसली होती. कुणीतरी आलं. मला दिसत नव्हतं, पण आईचा आवाज ऐकला, “काय गं? हं. बस की.” आणि कोण आलं असेल ते मला कळलं. नाव नव्हे. कुठल्या वस्तीतून, कशासाठी, ते. उद्याच्या कांदा लागणीला किती बायका पाहिजेत, हे विचारायला आलेली बाई. थोड्या वेळानं पुन्हा कुणी आलं. आई म्हणाली, “आलासा व्हय? या, या. बसा.” तेव्हाही कळलं. चुलते आले होते.

मी उठून बसले. लहानपणी याच खोलीत अभ्यास करताना आम्ही भावंडं पैज लावायचो, आईच्या आवाजावरून पाहुणा ओळखायचा. मी कधी हरत नसे. पुस्तकातून शिकायच्या कितीतरी आधी आवाजाचा हा धडा मी या घरात गिरवला होता, आणि त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. कुणी काही शिकवलं नव्हतं. आईनं ते तिच्या सासूकडून उचललं असणार, मी आईकडून.

ती बाई गेल्यावर मी बाहेर आले. ओट्यावर चुलत्यांसाठी सतरंजी अंथरलेली होती. खाली अंगणात ती बाई जिथं उभी राहिली असणार तिथं काहीच नव्हतं.

“तिला बसवलं का नाहीस?” मी आईला विचारलं.

“म्हणलं की,” आई म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं. “बस म्हणलं की मी. तीच बसली न्हाई.”

आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. घालायला तोंडही नव्हतं.

संध्याकाळी परत शिरूरला निघायचं होतं, ते मी दुपारीच निघाले. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या बाजूला जाताना वाट वाकडी करून स्कूटी मांडवगणकडं घेतली. मुलीचा पत्ता शनिवारीच प्रवेश अर्जावरून लिहून घेतला होता, कशासाठी ते तेव्हा ठरवलं नव्हतं. गावात एका किराणा दुकानात विचारलं, दुकानदारानं हातानं वळण दाखवलं. सगळ्या रस्त्यात मी वाक्यं जुळवत होते. कुठल्या आवाजात म्हणायचं, तेही. माफी मागायची तालीम करणारी बाई, असं स्वतःकडं बघून मला कसंसंच झालं, तरी तालीम थांबली नाही.

दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं. दारात नळ, नळाशी गणवेशाचा निळा शर्ट पिळून वाळत घातलेला. मुलीचे वडील नुकतेच झोपेतून उठले असावेत. मला बघून ते गडबडले. “आवो मॅडम, तुम्ही? या, या. बसा,” म्हणाले, आणि खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसली. घरात ती एकच खुर्ची होती. ते पलंगाच्या कडेला टेकले. मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहिली. आईनं चहा ठेवला.

मी जुळवलेली वाक्यं काही बोलता आली नाहीत. म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही कॉलेजला आला होता. मी तुमच्याशी नीट बोलले नाही. माझं चुकलं.”

त्यांनी मुलीकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, “आवो, असं काय न्हाई मॅडम. तुमच्या मागं किती कामं असतात. मला तर काय ध्यानात बी न्हाई. तुम्ही बसा म्हणलात की.”

मला सुटल्यासारखं झालं. ते त्यांनी माझ्यासाठी सोपं करून दिलं आणि मी ते लगेच घेतलं. मग मी भरभर बोलायला लागले. मुलगी हुशार आहे, तिला पुढं शिकवा, कंपनीत ऑफिसच्या जागेसाठी अर्ज करायला लावा. चहा संपवला. घड्याळ बघितलं. ज्या कामाला आले होते त्यापेक्षा निघण्याचीच घाई मला जास्त झाली होती.

मुलगी स्कूटीपर्यंत सोडायला आली. मी हेल्मेट घालता घालता म्हटलं, “पप्पांना काही वाटलं नव्हतं, बरं झालं.”

“पप्पा सगळ्यांनाच तसं म्हणतात, मॅडम,” ती म्हणाली. “गेटवर लोक कायपण बोलून जातात. आम्ही घरी विचारलं तर म्हणतात ध्यानात न्हाई.”

मी हेल्मेट काढलं.

“तो डेपोचा कागद होता ना,” ती म्हणाली, “त्यासाठी ते सुट्टीच्या दिवशी दोन तास डेपोत बसले होते. साहेब जेवायला गेलेले. पप्पा म्हणाले, कागद दाखवला की मॅडमला पटेल. तुम्ही तो बघितलाच नाही.”

मला तिला सांगायचं होतं की मी तुझीही माफी मागते. तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, “तुझे ते सहा गुण मी बदलते.”

तिनं माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. “नको, मॅडम,” ती म्हणाली. “मी गुणांसाठी नव्हतं केलं.” मग, पाहुण्याला सांगावं तसं, “पुढं रस्ता खराब आहे, सावकाश जा.”

गुण मी दुसऱ्या दिवशी बदलले. नऊ केले, शेरा खोडला. ते तिच्यासाठी केलं असं म्हणवत नाही. आधीचे गुण चुकीचे होते म्हणून केलं, आणि तो रकाना बघवत नव्हता म्हणून केलं. तिचा परीक्षेचा फॉर्म तोवर, डेपोचा कागद बघून, प्राचार्यांनीच आपल्या सहीनं पुढं पाठवला होता. माझ्या सहीची त्यांना गरज लागली नाही. आप्पांच्या मुलाच्या फॉर्मवरची माझी सही मात्र तशीच राहिली. ती मागं घ्यायचं धैर्य मला झालं नाही.

उरलेल्या तासांना ती यायची, मधल्या बाकावर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. ‘हो मॅडम’, ‘नाही मॅडम’. मी तिला इतरांपेक्षा जास्त प्रश्न विचारायला लागले होते, जास्त मऊ आवाजात. ते तिला नको होतं, हे मला उशिरा कळलं. एकदा तिच्या शेजारची मैत्रीण माझा तो मऊ आवाज ऐकून गालात हसली, तेव्हा कळलं.

निकालानंतर मी तिला मोबाइलवर मोठा मजकूर पाठवला. जे त्या दिवशी स्कूटीपाशी बोलायचं राहिलं होतं ते सगळं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘ठीक आहे मॅडम.’ एवढंच. त्यातून राग निघतो की क्षमा की नुसतं काम उरकणं, हे ठरवायचा मी बराच प्रयत्न केला. लिहिलेल्या अक्षरांना आवाज नसतो. पुढं तिच्या मैत्रिणीकडून कळलं की तिला रांजणगावात एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली, आता वडील ज्या बसनं कामाला जातात त्याच बसनं जाते-येते. मी पुन्हा काही लिहिलं नाही.

आवाजाचा तास मी बंद केला नाही, तो अभ्यासक्रमात आहे. पुढच्या वर्षी मी हा प्रसंग वर्गात सांगितला, पण ‘माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं’ असं म्हणून. मुलांनी त्या शिक्षिकेला खूप नावं ठेवली. मी मान डोलवत ऐकलं.

यंदा सांगताना ‘मी’ म्हणाले. पुढच्या बाकावरची एक मुलगी लिहून घेत होती, तिचं पेन थांबलं. मग एका मुलानं हात वर केला.

“मॅडम, आता जमतं का तुम्हाला? सगळ्यांशी सारखं बोलायला?”

सकाळचीच गोष्ट होती. झाडू मारणाऱ्या मावशी माझ्या टेबलाखालून कागद काढत होत्या आणि मी वर न बघता पाय उचलले होते. तोंडातून ‘हं’ सुद्धा निघालं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “नेहमी नाही जमत.”

त्या मुलीनं तेही वहीत लिहून घेतलं. मी फळ्याकडं वळले आणि त्या तासाचा शब्द लिहिला, ‘बसा’.